चार गाड्या आणि एक उतार

या, असे जवळ सरका. सतरंजी मोठी आहे, त्या खांबाला टेकलेल्या माउलींनाही आत घ्या. महाराज अजून जेवताहेत, पेटी अजून सुरात लागायची आहे. तोवर मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, आणि ती सगळी सांगेन, मधलं काही गाळणार नाही. गोष्ट आमच्या घरच्या चार गाड्यांची आहे आणि एका भ्यालेल्या माणसाची आहे. तो भ्यालेला माणूस म्हणजे मी.

माझं नाव मच्छिंद्र. गाव वाटूर. घरची मोसंबीची बाग आहे, आणि कीर्तनाचं वेड तर जमिनीच्या आधीपासूनचं. दहा कोसांवर टाळ वाजला तरी आमच्या घरात चपला शोधायला सुरुवात होते. वडील रखमाजी, त्यांना अख्खं गाव आबा म्हणायचं. माझी थोरली बहीण तुळजाबाई धावडा गावाच्या पुढं, डोंगर उतरून खाली गेलं की जे पहिलं गाव लागतं तिथं दिलेली. तिच्या गावात दर फाल्गुनात सप्ताह बसतो. शेवटच्या दिवसाच्या काल्याच्या कीर्तनाला आम्ही जायचंच, हा आबांचा नेम होता. त्या गावाला जायचं म्हणजे घाट उतरायचा.

घाट काही फार मोठा नाही. डावीकडं डोंगराची भिंत, उजवीकडं दरी. मधोमध एक लांब सरळ उतार, आणि त्याच्या शेवटी रस्ता एकदम डावीकडं वळतो. वळणावर दगडी कठडा आहे, गुडघ्याएवढा. जो वळणार नाही तो त्या कठड्यावरून थेट खाली. त्या कठड्याची भीती मी बावीस वर्षं पोटात घेऊन गाडी चालवली आणि एका माणसालाही सांगितली नाही.

पहिली गाडी एक्क्याऐंशी साली आली. उघडी जीप, वर ताडपत्रीचं छप्पर, बाजूला दारं नाहीत, मागं समोरासमोर दोन बाकडी. बसणाऱ्याचे गुडघे समोरच्याच्या गुडघ्यात अडकायचे. डिझेलचं इंजिन असं गरजायचं की शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. समोर पत्र्यावर आबांनी जांब समर्थहून आणलेली रामरायाची तसबीर तारेनं घट्ट बांधली होती.

त्या वर्षी घाटाच्या माथ्यावर पाणी घालायला गाडी थांबवली. मागं वसंता पखवाज मांडीवर घेऊन बसला होता. आमच्या शेजारचा वसंता, हात सोन्याचा आणि जीभ तिखट. तो म्हणाला, "आबा, वाटूरपासून गाऊन राह्यलो, पण मलाच माझा पखवाज ऐकू येईना. देवाला काय ऐकू येणार?"

आबा हसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मच्छिंद्र, आता उतारच हाय ना? मंग बंद कर इंजिन. गाडी आपोआप जाती. देवाच्या नावानं सोडून दे."

मी इंजिन बंद करायची दांडी ओढली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि गप झालं. आबांनी माझ्या हातातून चावी घेतली आणि तसबिरीपुढं ठेवली. मी ब्रेक सैल सोडला. गाडी हळूहळू घसरायला लागली, आणि एकदम सगळं ऐकू यायला लागलं. वारा, टाळ, वसंताची थाप, आबांचा तो भरड आवाज, मागून बायांचं नामस्मरण. खरं सांगतो, इतकं गोड भजन मी कुठल्या मंडपात ऐकलं नाही. रानात दुसरा आवाजच नव्हता. घाट संपेपर्यंत सगळे डोळे मिटून गात होते.

माझे डोळे मिटलेले नव्हते. माझा पाय ब्रेकवर होता आणि नजर कठड्यावर. वळण आलं. गाडी वळली. त्या गाडीत लपवाछपवी नव्हती. चाक फिरवलं की ताकदीनं फिरायचं, ब्रेक दाबला की लागायचा. इंजिन चालू असो की बंद, तिला काही फरक पडत नव्हता.

त्या दिवसापासून रीतच पडली. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबायची, इंजिन बंद, चावी देवापुढं, आणि मग गजर. पोरांना शाळेत पहिला धडा शिकवावा तसं आबा पाव्हण्यांना सांगायचे, "आमची गाडी उतारावर आम्ही चालवीत न्हाई, राम चालवतो." लोक कौतुक करायचे. मीही मान हलवायचो.

दुसरी गाडी एकोणनव्वदला घेतली. तीच जात, पण लांबीला जास्त, वर पक्कं पत्र्याचं छप्पर, दारं, आणि दारांना काचा. मागं दहा माणसं बसायची. आबांना छप्पर आवडलं नाही, म्हणाले, "पेटीत बसल्यावानी वाटतंय." वसंता म्हणाला, "आबा, तुमच्या डोक्याला लागणारं ऊन आता छपराला लागतंय, बिचाऱ्यानं काय केलं?" गाडी जड होती, उतारावर जास्त जोरात पळायची. ब्रेक मात्र आधीसारखाच, पायातला जोर थेट चाकापर्यंत पोचायचा. भीती होतीच, पण माझा तिच्यावर विश्वास बसला होता.

खरी भीती तिसरीत सुरू झाली.

ती सत्त्याण्णवला आली. पाच दारं, सगळ्या बाकड्यांची तोंडं पुढं, टेप वाजवायची सोय, ब्रेक तर इतका मऊ की अंगठ्यानं दाबावा. माझी बायको द्वारकाबाई तर म्हणाली, "आता कुठं पाव्हण्यांकडं उतरल्यावर मणक्याला हात लावावा लागायचा न्हाई." पुढच्या फाल्गुनात घाटाच्या माथ्यावर नेहमीसारखी चावी फिरवली, देवापुढं ठेवली, गाडी सोडली. पहिल्यांदा ब्रेक दाबला, लागला. दुसऱ्यांदा दाबला, लागला. तिसऱ्यांदा पाय ठेवला तर खाली दगड. मऊ ब्रेक दगड झाला होता. मी सीटवरून अर्धा उठून दोन्ही पायांनी त्याच्यावर उभा राहिलो. मागं गजर चालू होता. गाडी वळणावर कठड्याला घासून, अगदी घासून, डावीकडं वळली.

खाली पोचलो. द्वारकाबाई म्हणाली, "काय ओ, घाम फुटलाय?" मी म्हटलं, "ऊन लागलं." जालन्याच्या एका मिस्त्रीला नंतर मी असंच विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "या गाडीचा ब्रेक इंजिनाच्या जोरावर मऊ लागतोय, मालक. इंजिन बंद केलं की दोन-तीन दाबांत ती मदत संपली. मंग नुसता तुमचा पाय आणि देव."

हे मी घरी सांगितलं नाही. का नाही, ते आज तुमच्यापुढं कबूल करतो. आबांच्या रामानं गाडी चालवली असं सगळं गाव मानत होतं, आणि मी उठून म्हणायचं की आबा, मला भ्या वाटतंय? चाळीस वर्षांचा बाप्या, दोन गावं ओळखतात, आणि उतारावर घाबरतो? मी पाच वर्षं काही ना काही बहाणा काढून घाटात चावी फिरवायचं टाळलं. एकदा म्हटलं बॅटरी उतरलीय, बंद केली तर चालू व्हायची नाही. एकदा म्हटलं मागं ट्रक आहे. एकदा तर आम्ही गेलोच नाही, मी मुद्दाम ताप आल्याचं सांगून पडून राहिलो. काल्याचं कीर्तन बुडालं आणि मला त्याचंही वाईट वाटलं, कारण त्या वर्षीचे महाराज फार रसाळ होते.

मग दोन हजार तीनला चौथी गाडी आली. ती माझा मुलगा शिवाजी यानं घेतली. तो जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला होता. ही म्हणजे गाडी कसली, बैठकीची खोलीच. काचा बटणानं खाली-वर व्हायच्या, आत गार वारा, स्टेअरिंगचं चाक एका बोटानं फिरायचं. हँडब्रेक दोन सीटांच्या मधे. चावी काढली की चाक अडकून बसायचं, चोरानं नेऊ नये म्हणून. हे मला माहीत होतं, रोज दारात उभी करताना बघत होतो. पण ते उभ्या गाडीचं, असं मी धरून चाललो.

गाडीची पूजा झाली, रामरायाची तीच तसबीर समोर बसवली, चाकाखाली लिंबं ठेवली. आबा, तेव्हा ऐंशीच्या पुढचे, पुढच्या सीटवर बसून बघत होते. तेवढ्यात माझी सून कौसल्या, शिवाजीची बायको, हळूच म्हणाली, "मामा, हिला घाटात बंद करू नका हं. आमचे अण्णा म्हणायचे, उतारावर गाडी गिअरातच पाहिजे."

कौसल्याचे अण्णा म्हणजे वडील, ते एसटीवर ड्रायव्हर होते. लग्न होऊन वर्षच झालं होतं तिला. गात नव्हती, टाळही धरायची नाही, मंडपात बसली तर मागं बसायची आणि म्हाताऱ्यांच्या पाठीला उशी द्यायची. आमच्या घरात तिला कच्च्या भक्तीची समजत असत.

वसंता लगेच म्हणाला, "घ्या! एसटीवाल्याची लेक हाय. उद्या आपल्याला तिकीट बी फाडंल. वाटूर ते तुळजाबाईचं गाव, अर्धं तिकीट!"

सगळे हसले. आबा म्हणाले, "पोरी, एसटीत राम बसत न्हाई म्हून गिअर लागतोय. आपल्या गाडीत बसतोय." कौसल्या मान खाली घालून नारळाची कवटी उचलायला लागली. आणि मी? एकटा मीच जाणत होतो की ती बरोबर बोलतीय. मी सगळ्यांबरोबर हसलो.

त्या फाल्गुनात आम्ही सहा जण निघालो. मी चाकावर, आबा माझ्या शेजारी, मधल्या सीटवर द्वारकाबाई आणि कौसल्या, मागं शिवाजी आणि वसंता. सकाळी निघालो, भोकरदनला चहा झाला. गाडीचा आवाज असा नव्हताच. काचा वर करून वसंतानं गुडघ्यावर नुसती बोटं वाजवली तरी आबांना ऐकू जायचं. वाटूरपासूनच भजन रंगलं होतं.

घाटाच्या माथ्यावर आबांनी हात वर केला. "थांबीव."

मी गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

द्वारकाबाई म्हणाली, "आबा, आता तर सगळं बराबर ऐकू येतंय. मंग बंद कशाला करायची?"

"ऐकू यावं म्हून बंद करीत न्हाई, बाई. नेम हाय."

"मामा," मागून कौसल्या म्हणाली, अगदी हळू.

आबा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या पापण्या म्हातारपणानं लाल झाल्या होत्या. म्हणाले, "पाच वर्सं काही ना काही निघून राह्यलंय, मच्छिंद्र. औंदा तरी देवाला सांग. माझं पुढच्या फाल्गुनाचं काही खरं न्हाई."

मला वाटलं होतं, नुसती चावी फिरवीन, काढणार नाही. खालच्या वळणाआधी पुन्हा चालू करीन. मी चावी फिरवली. इंजिन गप झालं. गाडी सुटली. आबांनी तळहात पुढं केला. "चावी?"

इथं मी एक शब्द बोलायला पाहिजे होता. आबा, नको. एवढंच. पण तो हात बघितला आणि माझ्या बोटांनी चावी दाबली, फिरवली, काढली आणि त्या हातावर ठेवली. आबांनी ती तसबिरीपुढं ठेवली आणि गजर सुरू केला.

सरळ उतार होता. मी चाक जरासं डावीकडं घेतलं, डोंगराच्या बाजूला राहावं म्हणून. खट असा बारीक आवाज झाला. चाक थांबलं. मी ओढलं, हललं नाही. उजवीकडं ओढलं, हललं नाही. पुढच्या क्षणी मला कळलं, चावी काढली म्हणून चाक अडकलंय. मी ब्रेक दाबला, एकदा, दोनदा, आणि तो दगड झाला.

मागं गजर चालू होता. आबा डोळे मिटून डुलत होते. कठडा दिसत होता. वळण डावीकडं, आमचं चाक जवळजवळ सरळ, आणि गाडी वाढत्या वेगानं त्या कठड्याकडं. मी चावीकडं हात नेला, ती तसबिरीपुढून घसरून आबांच्या पायाशी पडली. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. कधी भ्यालात का असे? तोंडात जीभ आहे हेच विसरलो होतो. रामाचं नाव मला आठवलं नाही. मला, कीर्तनवेड्या घरातल्या मच्छिंद्राला, देवाचं नाव आठवलं नाही.

"मामा, गिअर!"

कौसल्या दोन सीटांच्या मधून पुढं झेपावली होती. तिनं दोन्ही हातांनी हँडब्रेक धरला आणि वर खेचला, थांबून, मग पुन्हा, मग पुन्हा. मागची चाकं किंचाळली. "मामा, गिअर टाका! दुसरा टाका!"

माझ्या हातानं तिचं ऐकलं. मी क्लच दाबून दुसरा गिअर टाकला आणि पाय सोडला. गाडी अशी हिसकली की वसंताचा पखवाज पुढं येऊन द्वारकाबाईच्या पाठीवर आदळला. गजर तुटला. इंजिन त्या धक्क्यानं आत फिरायला लागलं, आणि माझ्या पायाखालचा दगड किंचित मऊ झाला. मी उभा राहून दाबलं. गाडीचं मागचं अंग दरीकडं फेकलं गेलं, आम्ही आडवे झालो, आणि माझ्या बाजूचं दार कठड्यावर आदळून थांबलो.

माझ्या खिडकीतून खाली झाडांचे शेंडे दिसत होते.

पहिला आवाज कौसल्याचाच आला. "कुणी हलू नका. डावीकडून एकेक उतरा. मागच्या चाकांना धोंडे लावा आधी." आदळताना ती सीटांच्या मधून पुढं फेकली गेली होती, उजवा खांदा समोरच्या पत्र्यावर बसला होता. हात लोंबत होता. डाव्या हातानं तिनं हँडब्रेक धरून ठेवला होता, आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत सोडला नाही. शेवटचा माणूस मी होतो.

बाहेर आल्यावर आबा रस्त्यावर पालथे पडले, कपाळ डांबराला टेकवून. "धरली, रामानं धरली! चावी न्हाई, इंजिन न्हाई, तरी धरली!" वसंता रडत होता. द्वारकाबाईनं कौसल्याला मिठी मारली तशी ती कळवळली, तेव्हा कुठं आम्हाला तिचा खांदा दिसला. शिवाजीनं मागून येणारा टेम्पो थांबवला आणि तिला घेऊन दवाखान्यात गेला. आम्ही चौघं दुसऱ्या गाडीत बसून खाली तुळजाबाईच्या गावी गेलो.

दुपारी काल्याचं कीर्तन. महाराज भला माणूस, आवाज मधाचा. आबांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, जसं त्यांना दिसलं होतं तसं. उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या कथेच्या भागात, महाराजांनी तीच कथा घेतली. "अहो, चाक अडकलं, ब्रेक गेला, दरीच्या तोंडाशी गाडी. कुणी धरली? कुणी धरली?" मंडप उठून उभा राहिला, बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मी टाळकऱ्यांत उभा होतो. टाळ वाजवत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते दुसऱ्या कारणानं. सगळ्या कथेत कौसल्या कुठंच नव्हती, आणि चावी काढणारा हातही नव्हता.

दवाखान्यात मी तिच्यापुढं बसलो. म्हटलं, "पोरी, मला ठाऊक होतं. पाच वर्सांपासून ठाऊक होतं ब्रेकचं."

ती म्हणाली, "मला बी ठाऊक होतं, मामा, का तुम्हाला ठाऊक हाय. पूजेच्या दिवशी तुम्ही सगळ्यांत उशिरा हसला."

"मंग बोलली का न्हाईस?"

"बोलले ना. दोनदा बोलले." मग म्हणाली, "आता तुमची बारी."

मी बोललो नाही. आबा खुश होते, थकले होते, त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट घडली होती. ती कशी काढून घ्यावी? तिच्या खांद्याचं हाड पुढं जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालायला द्वारकाबाई बसायची.

महिन्याभरात, चैत्रातल्या रामनवमीला आम्ही जांब समर्थला गेलो. आबाही होते, काठी टेकत, आणि कौसल्याही. तिथं वेगळे महाराज होते, आम्हाला न ओळखणारे, आणि त्यांनी तीच कथा सांगितली. आता गाडी दरीवर अधांतरी होती आणि एका पांढऱ्या दाढीच्या माणसानं मागून धरली होती. मी मंडपाबाहेर पाणी प्यायला उठलो. तिथं काळ्या-पिवळ्या जीपा उभ्या होत्या, त्यातल्या एकीच्या ड्रायव्हरनं मला बघितलं. तिशीतला गडी होता.

"मामा, तुम्हीच का त्या घाटातल्या गाडीवाले? घाटाखालच्या गावची माणसं तुमच्याकडं बोट दाखवत होती."

मी मान हलवली.

"आम्ही बी आता तसंच करतोय," तो आनंदानं म्हणाला. "घाटाच्या वर चावी देवापुढं. पंधरा सीट बसवतो, सगळे गजर करतात. परवाच नवी गाडी घेतली, पॉवर स्टेअरिंगची."

मी पाण्याचा पेला तिथंच ठेवला. त्या घाटात चाक अडकलं तेव्हा मी जेवढा भ्यालो होतो, तेवढाच आता भ्यालो. फरक एवढाच की त्या दिवशी गाडीत सहा जीव होते आणि आता पंधरा, आणि त्या पंधरांत कौसल्या नव्हती. त्याच्यासारखे अजून किती जण असतील, कुणाला ठाऊक. मी त्याचा दंड धरला, म्हटलं, "तू माझ्याबरोबर आत चल. चल जल्दी."

मंडपात गजर चालू होता. मी टाळकऱ्यांमधून पुढं गेलो आणि महाराजांना हात जोडले. ते थांबले. मी बोललो. चावी मी काढली. मला ठाऊक होतं. देवाचं नाव मला त्या वेळी आठवलं नाही. गाडी माझ्या सुनेनं धरली, हँडब्रेकनं आणि गिअरनं, आणि तिचा हात त्यात गेला. नव्या गाड्यांत उतारावर इंजिन बंद करू नका. पायाशी लोटांगण घालतो, करू नका.

मग मी आबांकडं बघितलं. भीती तर इथंच होती, सगळी. आबा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी काठीनं जमिनीवर ठोकलं आणि म्हणाले, "मच्छिंद्र, हे तू मला माथ्यावर का न्हाई सांगितलं?"

"भ्यालो, आबा."

"कुणाला?"

"तुम्हाला."

आबांनी डोळे मिटले. "म्हंजे तुला रामाची भीती न्हाई, आणि माझी हाय. माझं कीर्तन वाया गेलं का रं तुझ्यावर?" आणि मग, अगदी हळू, "सून कुठं हाय? तिला बायकांच्या मागून पुढं आणा."

कौसल्या पुढं यायला तयार नव्हती. महाराजांनी तिचं नाव विचारलं, आणि तिच्या नावानं एकदा गजर झाला. तो जीपवाला मंडपाच्या तोंडाशी उभा राहून माझ्याकडं बघत होता. जाताना त्याची जीप गिअरात उतरली की नाही, मला माहीत नाही. मी त्या बाजूचे अपघात पेपरात बघायला भीत होतो, आणि अजूनही भितो.

आबा पुढच्या फाल्गुनाआधी गेले. देवावरचा माझा विश्वास गेला असं समजू नका. उलट आता तर अधिकच आहे. रामानं धरली, हे खरंच आहे. पण कुणाच्या हातानं धरली, हे सांगितल्याशिवाय राम अर्धाच राहतो. अडचण एवढीच की गोड कथा लांब जाते आणि दुरुस्ती एका मंडपात राहते. त्या घाटातली गाडी अजून फिरते आहे. बीडला ऐकली, बुलढाण्याला ऐकली, परवा एका रेडिओवरच्या कीर्तनात ऐकली. प्रत्येक ठिकाणी चावी देवापुढं आहे आणि सून नाही.

ऐका, पेटी लागली, महाराज येत आहेत, आता मी गप बसतो. तुम्ही गावोगावच्या मंडपांत जाता. कधी कुणी ती गाडी सांगितली, चाक अडकलं, ब्रेक गेला, कुणी धरली असं विचारलं, तर तुम्ही सगळ्यांबरोबर टाळी वाजवा, गजरही करा. पण शेजारी बसलेल्याच्या कानात तिचं नाव सांगा. कौसल्या. एसटीच्या ड्रायव्हरची लेक, वाटूरची सून. तेवढं लक्षात ठेवा.